ताईचा उशीर आणि लाइनचा उशीर

चुळबुळ्या हे नाव आपल्याला पायामुळे पडलेलं नाही, असं तो भेटेल त्याला सांगायचा, आणि सांगताना त्याचा उजवा पाय टेबलाखाली शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत असायचा. त्याच्या मते नाव कामावरून पडलं होतं. तो ज्या संस्थेत होता ती लोकांच्या घरचं इंटरनेट तपासायची. कंपनी म्हणते तेवढं ते चपळ आहे की नुसतंच म्हणते, एवढंच बघायचं. त्यात दोन गोष्टी मोजत. इथून पाठवलेलं तिथे पोचून परत यायला लागणारा वेळ, म्हणजे ‘उशीर’. आणि तो उशीर दर वेळी सारखा असतो, की कधी एवढुसा आणि कधी ढीगभर, ही दुसरी गोष्ट. दुसरीला अहवालात काय म्हणायचं यावर एकदा बैठक बसली होती. कुणी ‘चंचलता’ सुचवलं, त्यावर लेखापाल उगाचच लाजला. कुणी ‘आंदोलन’ सुचवलं, तेव्हा कामगार उठून जातील म्हणून ते बाद झालं. शेवटी हा म्हणाला, “चुळबूळ म्हणा की सरळ.” शब्द अहवालात गेला आणि जाता जाता त्यालाही चिकटला.

मंगळवारी दुपारी ताईचा फोन आला. ताई त्याची थोरली बहीण. ती बाबांसोबत राहायची आणि घरातल्या मागच्या खोलीत बसून दुभाषीचं काम करायची. दवाखान्यात डॉक्टर एक भाषा बोलतो, पेशंट दुसरी. ताई पडद्यावरून दोघांच्या मधे बसते आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करते.

“ऐक, मला काढतायत,” ताई म्हणाली.

“कुठून?”

“विहिरीतून! अरे कामावरून, कुठून काय! म्हणे मी बोलायला फार वेळ लावते. तिघा डॉक्टरांनी तक्रार केलीय. एकाने तर लिहिलंय, ‘दुभाषीबाई ऐकतायत की बसल्या बसल्या झोपल्यात ते कळत नाही.’”

“मग लाइन खराब असेल.”

“तेच मी मुकादमिणीला म्हटलं.” मुकादमीण म्हणजे तिच्या कंपनीतल्या देखरेख करणाऱ्या बाई. घराबाहेर ताई त्यांना मॅडम म्हणायची. “ती म्हणाली, सिद्ध करा. शुक्रवारी बैठक आहे. लाइनचा दोष निघाला तर चांगली लाइन बसवून देतील. नाही निघाला तर माझं काम बंद. तर तू ये तुझं यंत्र घेऊन, आणि लाइन खराब आहे असं दाखव.”

“असं ठरवून दाखवता येत नाही गं. मोजल्यावर जे येईल ते येईल.”

पलीकडे शांतता पसरली. चांगली ऐसपैस शांतता. चुळबुळ्याने फोन कानापासून लांब धरून बघितला, परत कानाला लावला.

“ताई? आहेस का?”

“आहे. आता मी गप्प होते का लाइन गप्प होती, ते सांग. तुझंच काम ना ते?” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आणि दोष माझ्या कानाचा निघाला तरी सांग. लपवू नकोस.”

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी तिची उत्तरं उशिरा यायला लागली. घरात सगळ्यांना वाटलं, वयाने शांत झाली. बाबा तर खूश होते. आईला ऐकूच येत नाहीये हे कळेपर्यंत ती वर्षभर सगळ्यांच्या तोंडाकडे बघून हसत होती.

लाइन खराब दाखवायच्या निदान दहा युक्त्या चुळबुळ्याला तोंडपाठ होत्या. त्या ओळखून कंपन्यांना पकडणं हेच तर त्याचं काम. यंत्र मायक्रोवेव्हशेजारी ठेवायचं. माशांच्या टाकीमागे ठेवायचं. ज्या यंत्राशी बोलायचं ते तीन समुद्रांपलीकडचं निवडायचं. ताईच्या घराचे जिने चढताना या दहाही युक्त्या शाळा सुटल्यासारख्या त्याच्या डोक्यात पळत होत्या, आणि तो एकेकीला कानाला धरून परत आत बसवत होता.

“बाबा, तुमचा फोन बंद करा. टीव्ही बंद. ताई, तुझाही फोन. कुणी कशाला हात लावायचा नाही,” आत येताच त्याने फर्मान काढलं. संस्थेचा नियमच होता तसा. लाइनला न्याय द्यायचा तर ती रिकामी पाहिजे; घरातल्यांच्या उचापतींचा दोष बिचाऱ्या तारेवर यायला नको.

“श्वास घेतला तर चालेल?” बाबांनी विचारलं.

“हळू घ्या.”

बाबा खरंच हळू घ्यायला लागले. ताई मांडीवर हात ठेवून, एक्स-रे काढताना बसतात तशी बसली. यंत्र चालू झालं. लाइनने असा काही कारभार दाखवला की एखाद्या कंपनीने जाहिरातीत घालावा. उशीर नगण्य, चुळबूळ नावाला नाही.

ताईने पडद्यावरची सरळ रेघ बघितली. “म्हणजे मीच,” ती म्हणाली, आणि उठून गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागली. त्यातले अर्धे ओले होते.

चुळबुळ्या त्या रेघेकडे बघत राहिला. रेघ बरोबर होती. यंत्र बरोबर होतं. पाय टेबलाला आपटून आपटून टेबलावरचं पेन लोळत निघालं होतं आणि त्याला काहीतरी डाचत होतं. तेवढ्यात बाबांनी मान आत घातली.

“झालं ना? मग करू का चालू? क्रेन वळायची वेळ झाली.”

“कसली क्रेन?”

समोर रस्त्यापलीकडे मोठी इमारत उठत होती आणि तिच्या डोक्यावर एक क्रेन होती. बाबा निवृत्त झाल्यापासून गॅलरीतून त्या क्रेनचं चित्रण करायचे. ते चित्रण सोळा निवृत्त माणसांच्या एका मंडळाला थेट जायचं. मंडळ क्रेनचालकाला गुण द्यायचं. वळण, उचल आणि ‘एकूण समंजसपणा’ असे तीन विषय होते. मंडळाचे दोन तट पडले होते, आणि एक सभासद समंजसपणाच्या गुणांवरून राजीनामा देऊन, कुणी तो स्वीकारत नाही म्हणून परतही आला होता.

“हे रोज करता?”

“सुट्टी सोडून. त्याला सुट्टी असते ना.”

“ताईच्या कामाच्या वेळेत?”

“क्रेनच्या कामाच्या वेळेत,” बाबा म्हणाले. “आता दोघांची वेळ एकच आहे त्याला मी काय करू?”

चुळबुळ्याने कपाळावर हात मारला. ताई रिकाम्या लाइनवर काम करतच नव्हती. ती बाबांच्या क्रेनच्या मागे रांगेत उभी राहून काम करत होती. घरातून बाहेर जाणारा रस्ता एकच, आणि त्यावर बाबांची क्रेन आडवी. त्याने लाइनला न्याय द्यायच्या नादात आरोपीलाच खोलीबाहेर काढलं होतं. वर त्याला ‘हळू श्वास घ्या’ असंही सांगितलं होतं.

“ताई! कपडे ठेव! तू नाहीस, क्रेन आहे!”

“कोण आहे?” ताई ओला टॉवेल खांद्यावर टाकून आत आली. त्याने सगळं सांगितलं. तिचा चेहरा उजळला, आणि लगेच तिने डोळे बारीक केले. “नक्की?”

“जवळजवळ.”

“जवळजवळ नको. तुझ्या त्या कंपन्या असं म्हणाल्या तर तू सोडतोस? नीट परीक्षा घे. आणि आधी ठरव, काय आलं तर लाइनचा दोष आणि काय आलं तर माझा. निकाल बघून नियम करायचे नाहीत. मी ते आत्ताच मॅडमना कळवून टाकते.”

“कळवायची काय घाई आहे?”

“तुझ्या पायाकडे बघून घाई वाटतेय.”

पाय खरंच जागेवर नव्हता. रिकाम्या लाइनची रेघ आणि क्रेनच्या वेळची रेघ शेजारी शेजारी ठेवली असती तरी मुकादमिणीचं समाधान झालं असतं, आणि ताईची नोकरी वाचली असती. पण ताईला नोकरी हवी होती आणि कानाचं खरंही हवं होतं. तिला दोन्ही एकाच परीक्षेतून पाहिजे होतं, आणि तिच्यापुढे त्याचं लहानपणापासून चाललेलं नव्हतं.

परीक्षा अशी ठरली. चुळबुळ्या संस्थेतून डॉक्टर बनून फोन लावणार आणि वाक्यं बोलणार. ताई त्यांचं भाषांतर करणार. दोन्हीकडे आवाज टिपून घ्यायचा. त्याच्याकडे टिपलेला उशीर म्हणजे सगळा मिळून उशीर. ताईच्या टेबलावर टिपलेला उशीर, म्हणजे आवाज तिच्यापर्यंत पोचल्यापासून ती तोंड उघडेपर्यंतचा, तो एकट्या ताईचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरेल तो लाइनचा. क्रेनचं चित्रण कधी चालू आणि कधी बंद, हे ताईला कळता कामा नये, त्यालाही नको. नाहीतर माणूस नकळत त्याप्रमाणे वागतो. म्हणून गॅलरीचं दार लावून आत बाबांनी बसायचं, दर फोनच्या आधी नाणं उडवायचं, छापा पडला तर चित्रण चालू, काटा पडला तर बंद. आणि काय केलं ते लिहून ठेवायचं.

“म्हणजे सगळं माझ्यावर आहे,” बाबा म्हणाले, आणि बुधवारी परीक्षेसाठी इस्त्रीचा सदरा घालून बसले.

चुळबुळ्या संस्थेतल्या काचेच्या खोलीत बसून दिवसभर डॉक्टर झाला. “कधीपासून दुखतंय?” “इथे दाबल्यावर दुखतं का?” “पाय वर करा.” तिसऱ्यांदा पाय वर करा म्हटल्यावर बाहेरच्या लेखापालाने पाय वर केला.

संध्याकाळी ताईच्या घरी येऊन बाबांचा कागद आणि यंत्राचे आकडे त्याने समोरासमोर ठेवले. कागद बघून तो हबकला. छापा, काटा, छापा, काटा, छापा, काटा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कवायत केल्यासारखं.

“बाबा, हे नाणं आहे का सासरी जाणारी मुलगी? एक पाऊल इकडे, एक तिकडे?”

“अरे, ते लागोपाठ छापाच पडायला लागलं होतं. छापा, छापा, छापा. बरं दिसेना. म्हटलं, एकाच बाजूला किती झुकतं माप द्यायचं? मग मी जरा न्याय केला.”

“न्याय?”

“एकदा याला, एकदा त्याला. तूच म्हणालास ना, परीक्षा न्याय्य पाहिजे.”

“तुम्ही आळीपाळीने केलंत तर ताईला दोन फोनांत कळणार ना, आता क्रेन आहे का नाही ते!”

“मला तिसऱ्या फोनलाच कळलं होतं,” मागून ताई म्हणाली. “पण मी म्हटलं, तुमची काहीतरी पद्धत असेल.”

गुरुवारी सगळं पुन्हा. या वेळी बाबांना सक्त ताकीद होती की नाण्याला त्याच्या मनासारखं वागू द्यायचं. बाबांनी ते केलं, पण दार बंद असूनही मधूनमधून त्यांचा वैतागलेला आवाज ऐकू येत होता, “परत तेच! लाज नाही!”

दुपार कलायच्या आत घरून बाबांच्या कागदाचा फोटो आणि आकडे हातात आले, आणि चुळबुळ्या काचेच्या खोलीत उभाच राहिला. मग बसला. मग पुन्हा उठला.

क्रेन बंद असताना लाइन शहाणी. क्रेन चालू असताना उशीर चौपट, आणि चुळबूळ अशी की एक शब्द धावत येतो, दुसरा रमतगमत, तिसरा येतच नाही. ठरवलेल्या नियमाप्रमाणे लाइन दोषी होती. इथे थांबता आलं असतं. पण खाली दुसरी रेघ होती, ताईची स्वतःची. क्रेन चालू असो की बंद, ती जागची हलत नव्हती. आवाज नीट पोचला, वाक्य संपलं, आणि ताई दर वेळी तेवढीच थांबली. ‘दीड सेकंदापेक्षा जास्त तर दोष माझा’ असं तिने स्वतः लिहून मुकादमिणीला पाठवलं होतं. ती दीडच्या पलीकडे होती.

तो तडक तिच्या घरी गेला. ताईने दार उघडलं. काही न बोलता त्याचं तोंड बघितलं.

“कान ना?” ती म्हणाली.

“माहीत नाही. तिकडे तोंड करून उभी राहा.”

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो पार जिन्यापर्यंत मागे गेला आणि ओठ हलवल्यासारखं करून पुटपुटला, “शेजारच्यांचं मांजर बाबांपेक्षा हुशार आहे.”

काही नाही. ताई हलली नाही. शेजारी कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायचा थांबला होता. आणि मग, भिंतीकडे बघतच, ताई म्हणाली, “शेजारच्यांचं मांजर बाबांपेक्षा हुशार आहे. आणि ते आत ऐकतायत.”

“मी ऐकतोय,” आतून बाबा म्हणाले.

चुळबुळ्या धावत आत आला. “तुला शब्द न् शब्द ऐकू आला! मग थांबलीस का?”

“तुझं संपलं का बघत होते.”

“संपलंच होतं!”

“हो, पण...” ताई थांबली. या वेळी ती खरंच विचार करत होती. “तिकडून शब्द तुकड्यातुकड्यांत येतात ना. वाटतं संपलं, मी बोलायला लागते, तर मागून राहिलेलं वाक्य येऊन आदळतं. एकदा डॉक्टर म्हणाला, ‘गाठ आहे.’ मी सांगून टाकलं पेशंटला. आणि मग मागून आलं, ‘पण साधी आहे.’ तोपर्यंत त्या बाईने नवऱ्याचा हात धरला होता.” तिने हातातल्या टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. “तेव्हापासून मी थांबते.”

“माझ्याशी पण?”

“कुणाशी पण, बहुतेक.”

“माझ्याशीही असंच बोलते ती,” बाबा दारात येऊन म्हणाले. “मला वाटलं, मान देते.”

लाइनचा उशीर तारेतून निघून ताईत येऊन राहिला होता. बिऱ्हाड केलं होतं त्याने. आता तार बदलली तरी तो कुठे जाणार?

“हे दुसरं नाही सांगितलं तर?” चुळबुळ्या म्हणाला. “लाइन दोषी आहेच. नियमाप्रमाणे आहे. कान ठणठणीत आहे, तुझं समाधान झालं. मग पुढचं कशाला?”

“नियमात दोन वाक्यं होती.”

“दुसरं तुला कुणी लिहायला सांगितलं होतं!”

“तू मोजलंस ते बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

“मग पाठव,” ताई म्हणाली. त्याने पाठवलं. पाठवताना पाय, हात, मान, सगळंच हलत होतं. आता चुळबुळ्या कामावरून की शरीरावरून, यावर वाद घालण्यात अर्थ राहिला नव्हता.

शुक्रवारी सकाळी बैठक. बाबांनी मंडळाला ‘तांत्रिक कारणास्तव क्रेन दिसणार नाही’ असं कळवून सगळं बंद ठेवलं होतं. चुळबुळ्या ताईच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बसला. पडद्यावर मुकादमीण आल्या. चाळिशीतल्या, डोळ्यांखाली थकवा आणि मागे दुसऱ्या कुणाचा तरी फोन वाजत असलेल्या.

“तुमची परीक्षा बघितली,” त्या म्हणाल्या. “लाइनचं पटलं. लाइन बदलून देऊ. पण तुमचं स्वतःचं थांबणंसुद्धा इथे लिहिलंय. तेही तुम्हीच.”

ताई थांबली.

“हेच बघा,” मुकादमीण म्हणाल्या. “आत्तासुद्धा. डॉक्टर वैतागतात त्यात नवल नाही. माझ्याकडे तीस दुभाषी आहेत आणि शंभर डॉक्टर, तर मला असं वाटतं की काही महिने तुम्हाला...”

“नाही,” ताई म्हणाली.

मुकादमीण बोलत होत्या आणि ताई त्यांच्या वाक्यात शिरली होती. अगदी मधोमध. चुळबुळ्याने श्वास रोखला. बाबांनी पण, दाराआड.

“नाही, मॅडम. काही महिने नाही. ही सवय आहे, आजार नाही. लाइनने लावलेली आहे, मी सोडवीन. पण ती फोन घेऊन घेऊनच सुटेल, घरी बसून नाही. मला आत्ता एक फोन द्या. तुमच्यासमोर. आत्ताच.”

आता मुकादमीण गप्प झाल्या. लाइनचा दोष नव्हता तो; लाइन स्वच्छ होती, चुळबुळ्याने समोरच्या आकड्यांत बघितलं होतं. बाई खरंच विचार करत होत्या.

“तुम्ही पहिल्यांदाच माझं बोलणं मधे तोडलंत,” त्या म्हणाल्या. आवाजात राग होता का, ते चुळबुळ्याला मोजता येईना. “एका दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर मोकळे दुभाषी मागतायत. देते जोडून. मी ऐकणार आहे.”

मुकादमिणीचा चौकोन कोपऱ्यात गेला आणि उरलेला पडदा दोन भागांत फाटला. एकीकडे तरुण डॉक्टर, घाईत, गळ्यातली नळी सरळ करत. दुसरीकडे खाटेवर एक म्हातारा, शेजारी कुणी नाही.

“कधीपासून त्रास आहे, विचारा,” डॉक्टर म्हणाला.

डॉक्टरचं तोंड मिटायच्या आत ताईने विचारून टाकलं. म्हाताऱ्याने सांगायला सुरुवात केली. पाठ दुखते, चार दिवस झाले. ताईने लगेच पलीकडे टाकलं. शब्द तिच्या तोंडातून आधीच तयार असल्यासारखे निघत होते. पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. मुकादमीण काहीतरी लिहून घेत होत्या. चुळबुळ्याने टेबलाखाली ताईच्या दिशेने अंगठा वर केला. तिने त्याचा अंगठा धरून खाली दाबला.

“रात्री झोप लागते का, विचारा.”

तिने विचारलं. म्हातारा म्हणाला, लागते. ताईने ते पलीकडे टाकलं. डॉक्टर पुढे सरसावला, “बरं, मग औषध...”

ताईने हात वर केला.

“थांबा डॉक्टर,” ती म्हणाली. “त्यांचं अजून झालेलं नाही.”

डॉक्टरने तोंड उघडं ठेवलं. मुकादमिणीने मान वर केली. म्हातारा खाली स्वतःच्या हातांकडे बघत होता, ओठ हलवत होता. आणि पडद्यावर, स्वच्छ लाइनवर, सगळे थांबले.

“लागते,” म्हातारा म्हणाला, “पण बसून. आडवं झालं की छातीत दाबल्यासारखं होतं.”

ताईने ते सांगितलं. डॉक्टरने औषधाचा कागद बाजूला सारला आणि कुणाला तरी हाक मारली.

मुकादमिणीने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “सोमवारी आठला लॉगिन करा,” आणि त्यांचा चौकोन निघून गेला. ताईला ते ऐकू आलं होतं, पण तिला उत्तर द्यायला सवड नव्हती. खाटेवरच्या म्हाताऱ्याने पुन्हा काहीतरी बोलायला सुरुवात केली होती.